नोटांचे नियम ठरायच्या आधी आपल्याला कळायला नको का?

मा. संपादक,

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एकांनी लिहिलं की रिझर्व्ह बँक स्वायत्त आहे, सरकारला तिथं काही करता येत नाही. दोनच दिवसांनी दुसऱ्यांचं पत्र, कसली स्वायत्त, दिल्लीतनं फोन आला की इकडं सही होते. आमच्या गल्लीत त्यावरनं चांगलाच वाद झाला. मी एका नागरी सहकारी बँकेत नोकरीभर कॅश काउंटरला होते, आता रिटायर आहे, म्हणून म्हटलं आपण पण चार ओळी लिहू. चार ओळीत काही ते बसलं नाही, लागेल तिथं कात्री लावा, पण नोटांचा आणि जिल्हा बँकेचा भाग तेवढा कापू नका.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला आणि तेव्हा ती खाजगी शेअरहोल्डरांची होती. १ जानेवारी १९४९ ला सरकारने ती घेतली. (त्याच वर्षी १ मार्चला आपलं करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १६ मार्चला बँकिंगचा मोठा कायदा लागू झाला, म्हणजे संस्थानातनं बाहेर पडलो ते थेट या कायद्यांच्या हद्दीत.) सहकारी बँका या बँकिंगच्या कायद्यात आल्या १ मार्च १९६६ पासून.

आता या कायद्यात सरकारला काय काय करता येतं ते बघा. कलम ७ म्हणतं की गव्हर्नरांशी सल्लामसलत करून सरकार जनहितासाठी बँकेला निर्देश देऊ शकतं. कलम ३० म्हणतं की बँकेने कायद्याप्रमाणे काम केलं नाही तर सरकार सगळं सेंट्रल बोर्डच, म्हणजे बँकेचं संचालक मंडळ, बाजूला करू शकतं. गव्हर्नर नेमतं सरकार, बोर्डावरची माणसं नेमतं सरकार. २०१६ पासून महागाई किती टक्के चालेल हे टार्गेटसुद्धा दर पाच वर्षांनी सरकारच ठरवतं, अर्थात बँकेशी बोलून. ४ टक्के, वर २ खाली २, हे आधी मार्च २०२१ पर्यंत आणि परत तेच मार्च २०२६ पर्यंत ठेवलं होतं. कलम ७ वरनं २०१८ च्या शेवटी टीव्हीवर किती आरडाओरडा झाला आठवत असेल, तोपर्यंत ते कलम वापरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि मग १० डिसेंबरला गव्हर्नर उर्जित पटेलांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. लोकांना स्वायत्तता म्हटलं की हेच आठवतं, मोठ्या लोकांची भांडणं.

पण मला विचाराल तर आपल्यासारख्यांचा संबंध कलम ७ शी येतच नाही. आपला संबंध येतो तो कायद्याच्या अगदी शेवटी, कुणी वाचत नाही तिथं असलेल्या कलम ५८ सारख्या कलमांशी. तिथं लिहिलंय की सेंट्रल बोर्ड केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने या कायद्याखाली विनियम, म्हणजे कायद्याच्या खालचे बारीक नियम, करू शकतं, ते गॅझेटमध्ये छापायचे, मग सरकारने ते संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ३० दिवस ठेवायचे. बँकिंग कायद्यात कलम ५२ आहे, तिथं नियम सरकार स्वतः करतं, रिझर्व्ह बँकेला विचारून. थोडक्यात एका ठिकाणी बँक लिहिते आणि सरकार हो म्हणतं, दुसऱ्या ठिकाणी सरकार लिहितं आणि बँकेला विचारतं. दोन्हीकडं आपण कुठंच नाही. संसदेत कायद्यावर भाषणं होतात, पेपरात फोटो येतो, पण काउंटरवर आम्हाला जे बघावं लागतं ते त्या खालच्या नियमात असतं, आणि तो नियम ज्या दिवशी होतो त्या दिवशी पेपरात एक ओळ पण नसते.

फाटक्या नोटेचं सांगते, ते माझ्या हातातनं गेलंय. कायद्याचं कलम २८ वाचलंत तर धक्का बसेल. त्यात सरळ लिहिलंय की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, फाटलेल्या नोटेचे पैसे मागायचा कुणालाही हक्क नाही. जे काय मिळतं ते मेहेरबानी म्हणून मिळतं, आणि मेहेरबानी किती आणि कशी करायची त्याचे नियम रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारची पूर्वमंजुरी घेऊन करायचे. त्याप्रमाणे २००९ चे नोट रिफंड नियम आहेत. त्यात नोटेच्या सगळ्यात मोठ्या अखंड तुकड्याचं क्षेत्रफळ मोजायचं असतं, प्रत्येक किमतीच्या नोटेचा आकार आणि किती चौरस सेंटीमीटर तुकडा असला की किती पैसे द्यायचे त्याचा तक्ता असतो. म्हंजे ज्या नोटेचा आकार तक्त्यात नाही तिचं काय करायचं हे आम्हाला कळायचं नाही.

आणि झालं पण तसंच. २००० ची नोट आली नोव्हेंबर २०१६ मध्ये, २०० ची आली ऑगस्ट २०१७ मध्ये, नवीन ५०० चा आकार पण बदललेला, पण तक्ता जुनाच. तो दुरुस्त झाला ७ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे २००० ची नोट फाटली तर जवळपास दोन वर्षं तिला नियमच नव्हता. एक गुऱ्हाळवाले आमच्याकडं उंदराने कुरतडलेली दोन हजाराची नोट घेऊन आले होते, तीन बाजू शाबूत, एक कोपरा गेलेला. मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारलं, वरनं उत्तर आलं ठेवून घेऊ नका, परत द्या. आता त्यांना मी काय सांगणार, की काका ही नोट सरकारने काढली, सरकारने चालवली, पण फाटली तर काय करायचं हे ठरवायचं राहिलंय? ते म्हटले "मग छापायच्या आधी ठरवायचं की". याच्यापुढं मला काय बोलता आलं नाही, आणि अजून पण कुणी त्याचं उत्तर दिलेलं नाही.

सप्टेंबर २०१८ ची दुरुस्ती आली तेव्हा दुसरी एक गोष्ट गुपचूप बदलली. आधी ५० आणि त्यावरच्या नोटेला पूर्ण पैसे मिळायला ६५ टक्क्यांच्या वर तुकडा लागायचा, तो ८० टक्क्यांच्या वर केला. ४० ते ८० च्या मध्ये असेल तर निम्मे पैसे, ४० च्या खाली असेल तर काहीच नाही. म्हणजे नवीन ५०० च्या नोटेचा ९९ चौरस सेंटीमीटरपैकी ७० चा तुकडा घेऊन आलात तर जुन्या टक्केवारीने ५०० मिळाले असते, आता २५०. हे करायला काही कारण असेल, मी नाही म्हणत नाही, खोट्या तुकडे जोडलेल्या नोटा येतात हे मी पण बघितलंय. पण हे बदलायच्या आधी कुणी काउंटरवर बसणाऱ्याला विचारलं का? कुणी लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्याला, कपिलतीर्थ मार्केटमधल्या भाजीवालीला विचारलं का, की बाई तुझ्याकडं महिन्याला अशा किती नोटा येतात? बातमी आली ती सगळीकडं अशी आली की आता २०० आणि २००० च्या फाटक्या नोटा बदलून मिळणार. चांगली बातमी पुढं, दुसरी शेवटच्या ओळीत.

आणि मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला. पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. चिखली, आंबेवाडीकडची माणसं पाणी ओसरल्यावर पत्र्याच्या ट्रंका घेऊन बँकांच्या दारात आली होती, आत चिखल आणि नोटांची ढेपं. सुट्या होणाऱ्या नोटा आम्ही पंख्याखाली वाळवून घेतल्या. पण नियम असा आहे की जळालेल्या, ठिसूळ झालेल्या आणि एकमेकांना न सुटण्याइतक्या चिकटलेल्या नोटा बँकेच्या शाखेने घ्यायच्याच नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला, म्हणजे तिच्या नोटांचं काम बघणाऱ्या ऑफिसला, न्यायच्या. कोल्हापुरात इश्यू ऑफिस आहे का? मुंबई किंवा बेलापूर. ज्याचं घर पडलंय, म्हैस वाहून गेलीय, त्याने महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून ओल्या नोटांची पिशवी मुंबईला न्यायची. किती जण गेले असतील? मला एकही माहीत नाही. नियम करणाऱ्याने दिल्लीत किंवा मुंबईत बसून विचार केला असेल की चिकटलेली नोट साध्या कॅशिअरला ओळखता येणार नाही, त्याचं बरोबर आहे, पण पूर येणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने मसुदा वाचला असता तर त्याने पहिल्यांदा हेच विचारलं असतं की मग वर्षातनं दोन दिवस तुमची माणसं इकडं पाठवता का. आणि पूर एक वर्ष आधी, म्हणजे ऑगस्ट २०१८ ला आला असता तर काय झालं असतं याचा विचार करा, सुट्या झालेल्या पण फाटलेल्या दोन हजाराच्या नोटा पण आम्ही परत केल्या असत्या.

आता जिल्हा बँक. हे तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे पण त्याच्या मुळाशी एका नियमातली एक ओळ आहे हे फार जणांना माहीत नाही. कलम २६ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली सेंट्रल बोर्डाच्या शिफारशीवरनं सरकार गॅझेटमध्ये जाहीर करून नोटा बाद करू शकतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला हेच वापरलं. सरकारचं पत्र ७ तारखेला गेलं, बोर्डाची मीटिंग ८ तारखेला झाली आणि त्याच रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा. १९४६ ला आणि १९७८ ला वटहुकूम काढला होता, यावेळी नोटिफिकेशनवर भागलं. सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक असा निकाल दिला की प्रक्रियेत चूक नाही, आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत लिहिलं की प्रस्ताव सरकारकडनं निघाला असेल तर ते कायदा करून करायला पाहिजे होतं, नुसत्या नोटिफिकेशनने नाही. मी कोर्टापुढं कोण, पण मला विचाराल तर बाईंचं मत पटतं. संसदेत आलं असतं तर आपल्या भागातला एखादा खासदार तरी उठून म्हटला असता की आमच्याकडं शेतकऱ्याचं सगळं जिल्हा बँकेत चालतं त्याचं काय ठरवलंय.

कारण १० नोव्हेंबरला बँका उघडल्या, जिल्हा बँकांनी लोकांच्या जुन्या नोटा घेतल्या, आणि १४ नोव्हेंबरला सर्क्युलर आलं की जिल्हा मध्यवर्ती बँकांनी घ्यायच्या नाहीत. उसाचा सीझन, दर दहा दिवसाला दुधाची बिलं, सोसायट्यांची कर्जं, सगळं त्या एका बँकेवर. तिला बाहेर काढलं. राज्यातल्या बाकीच्या जिल्हा बँकांचं पण तेच. घेतलेल्या नोटा तिजोरीत पडून राहिल्या. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये संसदेने जुन्या नोटांचा कायदा केला, आणि त्या कायद्याखाली केंद्र सरकारने २० जून २०१७ ला नियम काढले, की बँकांनी आणि पोस्टाने ३० डिसेंबरपर्यंत गोळा केलेल्या आणि जिल्हा बँकांनी १० ते १४ नोव्हेंबर २०१६ या काळात घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरता येतील, ३० दिवसात, उशीर का झाला ते पटवून दिलं तर.

१० ते १४. आता मला सांगा, ८ तारखेला संध्याकाळी बँक बंद करताना तिजोरीत जी कॅश होती ती कुठल्या तारखेची? कुठलीही बँक संध्याकाळी तिजोरी मोकळी करून घरी जात नाही. शाखांमध्ये दुसऱ्या दिवसाची पेमेंटं करायला कॅश ठेवावीच लागते, नसेल तर इन्स्पेक्शनला विचारतात. त्या नोटा १० तारखेला घेतलेल्या नव्हत्या, आधीच्या होत्या, म्हणजे ओळीच्या बाहेर. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे असे मिळून सुमारे ११२ कोटी अडकले, त्यात आपल्या कोल्हापूर जिल्हा बँकेचे सुमारे २५ कोटी, बाकी पुणे, सांगली, नाशिक, नगर, नागपूर, अमरावती, वर्धा. पुढं २०१८ मध्ये जिल्हा बँकांवर देखरेख करणाऱ्या नाबार्डने कळवलं की ही रक्कम तोटा म्हणून दाखवा. वाद कोर्टात गेला. बँकेने काय गुन्हा केला होता? ८ तारखेला संध्याकाळी ती नोट चालू होती, सरकारची हमी होती तिच्यावर, बँकेने ती सांभाळून ठेवली एवढंच.

मी काही जिल्हा बँकेची वकील नाही. तिथल्या राजकारणाबद्दल मला पण बरंच लिहिता येईल आणि ते तुम्ही छापणार नाही. पण २५ कोटी हे डायरेक्टरांच्या खिशातले नाहीत, सभासदांचे आहेत, आणि ते गेले एका ओळीत तारीख कुठून धरायची यावरनं. मसुदा पंधरा दिवस आधी बाहेर आला असता तर कुठल्याही शाखेतल्या शिपायानेसुद्धा सांगितलं असतं की साहेब ८ तारखेची क्लोजिंग कॅश राहिली. हे मुद्दाम ठेवलं असेल असं काही जण म्हणतात, सहकारी बँकांवर दिल्लीचा भरवसा नाही म्हणून. असेल पण. मग ते तरी कारण लिहून द्या, म्हणजे निदान भांडता येतं.

याच्या उलट २००० ची नोट बघा. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने ती परत घ्यायला सुरवात केली, पण कलम २६ वापरलं नाही, नोट बाद केली नाही, ती आज पण कायद्याने चालते, फक्त बँकेत भरा म्हणून सांगितलं आणि चार महिने वेळ दिला. कुठं लायनीत माणसं मेली नाहीत, कुणाची लग्नं अडली नाहीत. म्हणजे वेळ देऊन करता येतं. घाई हा काही कायद्याचा भाग नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई सरकारच्या विरोधात आहे. सरकारकडं अधिकार असूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. ठेवीच्या विम्याचं घ्या, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला जास्तीत जास्त किती मिळणार तो आकडा. १९६१ च्या कायद्यात मूळ आकडा आहे १५०० रुपये. हो, दीड हजार. आणि पुढं लिहिलंय की ठेव विम्याचं महामंडळ केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेने हा आकडा वाढवू शकतं. त्या एका वाक्याच्या जोरावर तो १५०० चा ५०००, मग १०, २०, ३० हजार आणि १९९३ ला १ लाख झाला. मग तिथंच थांबला, सत्तावीस वर्षं. आपल्या जिल्ह्यात या काळात नागरी बँका बुडाल्या, म्हाताऱ्या माणसांच्या रिटायरमेंटच्या ठेवी अडकल्या, तरी आकडा हलला नाही, कारण वाढवायचा अधिकार आहे पण कधी वाढवायचा याचं बंधन कुणावर नाही. सप्टेंबर २०१९ ला पीएमसी या मुंबईच्या सहकारी बँकेत लोकांचे पैसे अडकले, मुंबईत लोक रस्त्यावर आले, टीव्हीवर दिसले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाले. आमची माणसं मुंबईत रडली नाहीत म्हणून वीस वर्षं कमी मिळाले असंच मला वाटतं, कुणाला राग आला तर येऊ दे. ९० दिवसात पैसे द्यायचे ही सुधारणा मात्र २०२१ ला कायदा करूनच केली, ती चांगली केली.

आणि हल्लीचं उदाहरण, नॉमिनीचं. बँकिंग कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२५ ला झाली, पण कुठलं कलम कधीपासून ते सरकार नोटिफिकेशनने ठरवणार होतं. सहकारी बँकेच्या डायरेक्टरची मुदत ८ ची १० वर्षं, हे १ ऑगस्टपासून लागू झालं. आणि एका खात्याला चार नॉमिनी लावायची सोय, जी सामान्य माणसाला हवी होती, ती १ नोव्हेंबरपासून, कारण तिचे नवे नियम व्हायचे होते. डायरेक्टर आधी आणि आमचे नॉमिनी मागनं. यात कुणाचा हात आहे असं म्हणत नाही, फॉर्म बदलायचे, सॉफ्टवेअर बदलायचं, वेळ लागतो. पण माझ्या ओळखीच्या एक आज्जी आहेत, तीन लेकी आणि एक मुलगा, त्यांना एप्रिलमध्ये व्हॉट्सअपवर मेसेज आला की चार नावं लावता येतात आणि त्या बँकेत गेल्या, तिथल्या पोराने सांगितलं असं काही नाही. दोघंही बरोबर. कायदा होता आणि नियम नव्हता. (चार नावं ठेवीला एकदम टक्के ठरवून लावता येतात किंवा एकामागोमाग एक, लॉकरला मात्र एकामागोमागच, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी.)

एक गोष्ट कौतुकाची आहे ती पण लिहायला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये स्वतःसाठी एक पद्धत ठरवली, की नियम, निर्देश वगैरे काढायच्या आधी मसुदा वेबसाइटवर टाकायचा, लोकांना कमीत कमी २१ दिवस द्यायचे आणि आलेल्या सूचनांचा विचार करायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ हजाराहून जास्त जुनी सर्क्युलरं रद्द करून २४४ निर्देशांमध्ये बसवली. मी नोकरीत असताना हे झालं असतं तर आमची कपाटं रिकामी झाली असती, कुठलं सर्क्युलर चालू आणि कुठलं रद्द हे शोधण्यात आमचे शनिवार गेलेत. पण हे बँकेने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे, आणि ते बँकेच्या नियमांपुरतं. सरकार जे नियम स्वतः करतं, तारखा नोटिफिकेशनने ठरवतं, त्याला हे लागू नाही. १० ते १४ नोव्हेंबरची ओळ सरकारच्या नियमातली होती. शिवाय तातडीचं असेल तर बँकेला पण सूट आहे, आणि नोटांच्या बाबतीत सगळंच तातडीचं असतं.

आणि २१ दिवसात मसुदा कोण वाचणार? इंग्रजीत पन्नास पानं. आमच्या बँकेचे मॅनेजर पण शेवटचं पान बघायचे, कधीपासून लागू एवढंच. मोठ्या बँकांकडं त्यासाठी माणसं बसवलेली असतात, त्यांच्या सूचना जातात. गारगोटीच्या पतसंस्थेच्या, राधानगरीच्या सोसायटीच्या, शिरोळच्या दूध संस्थेच्या सचिवाची सूचना कोण पाठवणार, आणि कुठल्या भाषेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारला मंजुरीचा अधिकार असू दे, पण मंजुरी देताना सरकारने बँकेला काय बदलायला लावलं ते छापा. नोटा, ठेवी, विमा, नॉमिनी, म्हणजे ज्याचा संबंध खेड्यातल्या खातेदाराशी येतो त्याचे मसुदे मराठीत पण काढा, सरकारचे असोत नाहीतर बँकेचे, आणि महिना द्या. खरंच तातडी असेल तर आधी लागू करा, पण सहा महिन्यात परत उघडून सूचना घ्या आणि कुणाचं काय चुकून बाहेर राहिलं ते दुरुस्त करा. हे शेवटचं असतं तर जिल्हा बँकेचं प्रकरण २०१७ मध्येच मिटलं असतं, कोर्ट कशाला पाहिजे होतं.

आणि आपले खासदार. कोल्हापूर आणि हातकणंगले, जिल्ह्याला लोकसभेचे दोन आहेत. विनियम सभागृहासमोर ३० दिवस ठेवतात ते शोभेला नाही, त्या काळात दोन्ही सभागृहं मिळून तो बदलू शकतात, रद्द करू शकतात, कायद्यातच तसं लिहिलंय. दोन्ही सभागृहात असले नियम तपासायची वेगळी समिती पण असते, तिच्याकडं कोणीही निवेदन पाठवू शकतं. खासदारांनी रस्ते, विमानतळ, रेल्वे यावर प्रश्न विचारावेत, विचारतात पण. त्यातला एखादा प्रश्न यावर विचारला तर काय बिघडतंय, की पुराच्या जिल्ह्यात चिकटलेल्या नोटा घ्यायची सोय कधी करणार, आणि ८ नोव्हेंबरची कॅश त्या नियमातनं कुणी आणि का वगळली.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात बाजारभाव रोज येतात, गुळाचा, सोन्याचा, भाजीचा. आठवड्यातनं एकदा त्याच्याच खाली चार इंचाची जागा द्या, रिझर्व्ह बँकेने आणि अर्थखात्याने बँकांबाबत कुठला मसुदा टाकलाय आणि सूचना पाठवायची शेवटची तारीख काय. मराठीत समजावून सांगायचं काम आमच्यासारखे रिटायर बँकवाले फुकट करतील, आम्ही पाच-सहा जण तयार आहोत, शाहूपुरीत संध्याकाळी बसतो. पहिलं निवेदन चिकटलेल्या नोटांवर लिहायला घेतलंय. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांच्या नोटा बँकेने परत केल्या त्यांनी नोटेची किंमत, साधारण किती होत्या आणि काय उत्तर मिळालं एवढं लिहून तुमच्या ऑफिसात पत्र टाकावं असं या पत्राखाली छापलंत तर बरं होईल, पुढच्या पावसाळ्याच्या आत ते पाठवायचंय.

कळावे,
एक निवृत्त कॅशिअर, कोल्हापूर
(नाव-पत्ता तुमच्याकडं दिलाय, छापू नये)